‘राउंडच खराब आहेत, सर!’

मित्रहो, मागच्या वर्षी एन.सी.सी.च्या कॅम्पमध्ये मी हे वाक्य तीन वेळा म्हणालो. पहिल्या वेळी कोणी लक्ष दिलं नाही, दुसऱ्या वेळी बाजूचे कॅडेट हसले आणि तिसऱ्या वेळी उस्ताद स्वतः माझ्याजवळ येऊन उभे राहिले. त्यानंतर जे झालं त्यामुळे माझं फायरिंग टीममधलं नाव गेलं. पण ‘मोजमाप आणि दोषशोध’ नावाची जी गोष्ट चार सेमिस्टर जर्नल कॉपी करून कळली नव्हती, ती पंधरा मिनिटांत कळली. म्हणून हा लेख. मेकॅनिकलवाल्यांना जवळचा वाटेल. कॉम्प्युटरवाल्यांनी डीबगिंग म्हणून वाचावा.

आमची रायफल म्हणजे .२२ ची, अंतर २५ यार्ड, प्रत्येकी पाच राउंड. ‘ग्रुप’ म्हणजे या पाच भोकांचा पुंजका. ग्रुप किती मोठा हे मोजताना सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर घेतात, केंद्र ते केंद्र. तो पुंजका टार्गेटच्या मध्यावर आहे की कोपऱ्यात, हा वेगळा प्रश्न. कोपऱ्यात असेल तर साइट फिरवून मध्यावर आणता येतो. पण पुंजकाच फुटलेला असेल तर साइट फिरवून काहीही होत नाही. हा फरक नीट न कळल्यामुळे निम्मे लोक स्क्रू फिरवत बसतात.

माझा ग्रुप ११ सेंटिमीटरचा पडला होता. २५ यार्डावर! मी धुळ्याचा, देवपूरचा, बाजूला आडवा झालेला शिरपूरचा कॅडेट टार्गेट बघून म्हणाला, “काय व्हयनं रे भो, फवारा मारा का?” मी लगेच राउंडवर ढकललं. उस्तादांनी माझीच रायफल घेतली, त्याच डब्यातले पाच राउंड भरले, आडवे झाले आणि शांतपणे पाच फायर केले. टार्गेट आणलं. पाचही भोकं पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकली जात होती. ते एवढंच म्हणाले, “बच्चा, रायफल वही, राउंड वही. बदला कौन?”

हा प्रयोग लक्षात ठेवा. होस्टेलमध्ये ट्यूबलाइट पेटली नाही तर आपण काय करतो? बाजूच्या रूममधला चालू स्टार्टर आणून लावतो. पेटली तर दोष स्टार्टरमध्ये. नाही पेटली तर ट्यूब बदलून बघतो, मग चोक. एका वेळी एकच वस्तू बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं. उस्तादांनी फक्त माणूस बदलला. त्यांनी रायफलही बदलली असती आणि ग्रुप चांगला आला असता, तर दोष माझा की रायफलचा हे कधीच कळलं नसतं.

मग त्यांनी दुसरा प्रयोग केला. मला आडवं केलं आणि रायफल स्वतः लोड करून हातात देऊ लागले. कधी आत राउंड असायचा, कधी नसायचा, मला पत्ता नाही. रिकाम्या वेळी मी ट्रिगर दाबला तेव्हा ‘टिक्’ असा आवाज आला आणि नळीचं टोक चक्क खाली झुकलं. सगळ्यांनी बघितलं. आवाज होणार म्हणून माझं शरीर आधीच दचकत होतं. खरा राउंड सुटतो तेव्हा धक्क्यात हे झुकणं लपून जातं, रिकामी रायफल मात्र ते दाखवते. माझी केस तिथेच बंद झाली.

रात्री तंबूत झोप येईना म्हणून मी वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड केली. जे भांडण मी राउंडशी करत होतो त्यात तथ्य तरी किती होतं, हे बघायचं होतं.

.२२ ची साधी गोळी सुमारे २.६ ग्रॅमची असते आणि सुमारे ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते. २५ यार्ड म्हणजे २२.८६ मीटर. हवेच्या विरोधासह वेळ लागतो साधारण ०.०७२ सेकंद. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने गोळी अर्धा जी टी वर्ग, म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर खाली येते. आता समजा एका राउंडमधली दारू थोडी कमी भरली गेली आणि वेग १ टक्क्याने कमी झाला. वेळ १ टक्क्याने वाढेल, घसरण २ टक्क्यांनी वाढेल. २५ मिलिमीटरचे २ टक्के म्हणजे अर्धा मिलिमीटर! वेग ५ टक्क्यांनी चुकला तरी अडीच मिलिमीटर. आणि मी ११ सेंटिमीटरचा हिशोब राउंडच्या नावावर टाकत होतो.

दुसऱ्या बाजूला मी काय चुकवू शकतो ते बघू. समजा पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये ६५ सेंटिमीटर अंतर आहे. निशाणा धरताना फोरसाइटचं टोक मागच्या खाचेत १ मिलिमीटर बाजूला राहिलं, तर टार्गेटवर ती चूक २२.८६ भागिले ०.६५, म्हणजे ३५ पट होते. साडेतीन सेंटिमीटर. दचकून तीन मिलिमीटर हललो की दहा सेंटिमीटर. हिशोब जुळला. पोटात गोळा आला, पण जुळला.

म्हणजे राउंडचा काही संबंधच नसतो का? असतो, पण कुठे, हे अंतर ठरवतं. हीच आकडेमोड ५० मीटरला केली तर वेळ ०.१६ सेकंद, घसरण १२७ मिलिमीटर, आणि १ टक्का वेगाचा फरक म्हणजे अडीच मिलिमीटर. ऑलिम्पिकच्या ५० मीटर रायफलमध्ये दहाच्या वर्तुळाचा व्यास आहे १०.४ मिलिमीटर. तिथे अडीच मिलिमीटर खूप झाले. अंतर दुप्पट झालं की हा दोष चौपट होतो, कारण वेळेचा वर्ग आहे. साइटची चूक मात्र अंतराच्या प्रमाणातच वाढते. त्यामुळे जवळच्या रेंजवर माणूस दोषी आणि लांबच्या रेंजवर काडतूससुद्धा, असा ढोबळ नियम मी माझ्यापुरता केला आहे.

म्हणूनच वरच्या पातळीचे नेमबाज काडतुसाबाबत इतके चोखंदळ असतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, स्वप्नील कुसळे, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असताना, २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेऊन आला. या पातळीवर आपल्या नळीला कोणता ‘लॉट’ मानवतो हे शोधावं लागतं. लॉट म्हणजे एकाच वेळी, एकाच मालातून बनलेली काडतुसं. इंग्लंडमध्ये एले आणि जर्मनीत लापुआ या कंपन्यांची टेस्ट रेंज आहेत. तिथे रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट बसवतात, म्हणजे माणूस समीकरणातून बाद, आणि एकामागून एक लॉट फायर करून ग्रुप मोजतात. गंमत अशी की एका रायफलला जो लॉट सोन्यासारखा, तो दुसरीला साधारण असू शकतो.

.२२ च्या बाबतीत निवडण्यापलीकडे काही करता येत नाही. त्या काडतुसाचं पेटणारं रसायन पितळेच्या कडेच्या घडीत भरलेलं असतं आणि फायरिंग पिन ती कड चेपते. एकदा चेपली की ते पितळ भंगार. मोठ्या काडतुसांमध्ये मात्र मध्यभागी वेगळी टोपी, म्हणजे प्रायमर असतो. तो बदलता येतो, पितळ परत वापरता येतं. त्यामुळे अमेरिकेसारख्या देशांत हौशी नेमबाज घरच्या टेबलावर स्वतःची काडतुसं भरतात. त्याला हँडलोडिंग म्हणतात. दारूचं वजन, गोळी किती खोल बसवली, पितळेचा गळा तिला किती घट्ट धरतो, गोळी सरळ बसली की तिरकी, पितळ कोणाचं, प्रायमर कोणता, हे सगळं त्यांच्या हातात असतं. आणि नेमका तिथेच घोळ होतो. हातात बटणं जास्त असली की माणूस सगळी फिरवतो. ग्रुप फुटला की आज दारू बदल, उद्या गोळी बदल. जरा बरं आलं तर नक्की कशामुळे आलं हे सांगता येत नाही. भरीत बिघडलं म्हणून वांगी, मिरची, तेल आणि करणारा असे चारही एकदम बदलावेत, आणि दुसऱ्या दिवशी चांगलं झालं तर श्रेय मिरचीला द्यावं, तसं. बरं, स्टॉकचा एक स्क्रू सैल असेल तर दारू बदलून काय होणार?

भारतात हे घरगुती प्रकरण नाही, हे इथेच स्पष्ट लिहितो, कारण आमच्याच विंगमधल्या एका मित्राने व्हिडिओ बघून ‘आपण वर्कशॉपमध्ये ट्राय करू’ असं गंभीरपणे म्हटलं होतं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो. विनापरवाना केलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. डिग्री चार वर्षांची असते. कायदा बाजूला ठेवला तरी, नळीत तयार होणारा दाब हा वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरसारखा नसतो. तो हजारो बारमध्ये असतो आणि चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असतो. मित्राने विषय सोडला. सोडला की नाही हे मी दोनदा विचारून खात्री केली.

आपल्याकडे हे काम कारखान्यात होतं, आणि तो कारखाना आपल्या जिल्ह्यातच आहे. भुसावळच्या पुढे, मुक्ताईनगरच्या रस्त्यावर वरणगावची आयुध निर्माणी. १९६४ पासून तिथे लष्करासाठी छोट्या शस्त्रांची काडतुसं बनतात, इन्सास रायफलचं ५.५६ मिलिमीटरचंही. १ ऑक्टोबर २०२१ पासून ती, पुण्याच्या खडकीच्या १८६९ सालच्या जुन्या कारखान्यासोबत, म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आली. आमच्या वर्गातल्या दोघांचे वडील तिथून रिटायर झालेत. बाहेरच्यांना खान्देश म्हटलं की केळी आणि शेवभाजी आठवते, काडतूस कोणाला आठवत नाही.

लाखोंच्या संख्येत काडतुसं बनवताना प्रत्येक फायर करून बघता येत नाही, कारण फायर केलं की ते संपलं! क्वालिटी कंट्रोलच्या पेपरला ‘डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग’ची व्याख्या विचारतात, तिचं यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. मग लॉटमधून नमुना काढायचा, पक्क्या बसवलेल्या नळीतून मारायचा, वेग, दाब आणि पसारा मोजायचा आणि त्यावरून सगळ्या लॉटबद्दल निर्णय घ्यायचा. काडतूस उद्योगात जगभर हीच पद्धत आहे. आपण ज्या एम-थ्रीला शिव्या देतो त्यातलं स्टँडर्ड डेव्हिएशन इथे रोज पोटापाण्याला लागतं.

आता मुख्य भाग. ग्रुप फुटला तर शोध कुठून सुरू करायचा? माझ्या मते ग्रुपच्या आकारापासून. भोकं बोलतात, फक्त ऐकायला हवं.

भोकं उभ्या ओळीत पडली असतील तर दोन संशयित. जवळच्या रेंजवर श्वास: कधी भरलेल्या छातीने, कधी रिकाम्या छातीने ट्रिगर दाबला की नळी वरखाली होते. लांबच्या रेंजवर वेगातला फरक, म्हणजे काडतूस. कोणता, हे वेग मोजणारं क्रोनोग्राफ लगेच सांगतं. वेग एकसारखे आणि ओळ तरी उभी, तर काडतुसाला सोडा आणि स्वतःकडे बघा.

आडव्या ओळीत असतील तर वारा किंवा ट्रिगरवरचं बोट. वाऱ्याला कमी लेखू नका. ५० मीटरवर १ मीटर प्रतिसेकंद एवढा बाजूचा वारा, म्हणजे गालाला जेमतेम जाणवेल इतका, .२२ च्या गोळीला पाच ते सात मिलिमीटर ढकलतो. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या ५.२ आहे हे आठवा. बोटाने ट्रिगर सरळ मागे न ओढता बाजूला ढकलला तरी असंच दिसतं. फरक एवढाच की वारा बदलतो आणि बोटाची सवय बदलत नाही.

दोन वेगवेगळे पुंजके पडले तर मला आधी पाना आठवतो. नळी आणि स्टॉक यांना धरणारा स्क्रू, साइटचा किंवा दुर्बिणीचा माउंट, काहीतरी दोन जागांमध्ये हलतंय. भोकं क्रमाने एका दिशेला सरकत गेली तर नळी तापतेय आणि कुठेतरी स्टॉकला टेकतेय, असा संशय घ्यावा. पहिलंच भोक वेगळं आणि बाकी चार एकत्र, तर बहुतेक नळीतलं साफसफाईचं तेल. .२२ मध्ये काडतुसाचा ब्रँड बदलला तरी पहिले काही राउंड भरकटतात, कारण गोळीवरच्या मेणाचा थर नळीत नव्याने बसायला वेळ लागतो. ते राउंड मोजायचेच नाहीत.

आणि सगळीकडे गोल पसरलेला, दिशा नसलेला ग्रुप? हा सगळ्यात कठीण. सगळं थोडं थोडं चुकतंय. इथे वस्तू बदलत जायचं, तेच स्टार्टर-ट्यूब-चोक: आधी माणूस, मग रायफल, शेवटी लॉट. हा क्रम मुद्दाम आहे. माणूस बदलायला पैसे लागत नाहीत.

खान्देशाचा म्हणून एक वेगळा आरोपी आहे, तो म्हणजे ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि टार्गेट जिथे दिसतं तिथे नसतंच. शिवाय दारू तापली की जास्त जोरात जळते, दाब आणि वेग वाढतो. सकाळी सातला सावलीतल्या डब्यातले आणि दुपारी बाराला उन्हात ठेवलेल्या डब्यातले राउंड एकाच लॉटचे असले तरी एकसारखे वागणार नाहीत.

अजून एक फसगत आहे आणि तिच्यात हुशार लोक जास्त सापडतात. एकदा १४ मिलिमीटरचा ग्रुप आला, काहीतरी बदललं, २६ चा आला. निष्कर्ष: बदल वाईट. चूक! काहीही न बदलता पाच-पाच राउंडचे दहा ग्रुप मारा, सरासरी २० असेल तर १४ आणि २६ दोन्ही त्यात सहज निघतील. पाच हा आकडा फार लहान आहे. तीन राउंडचा ग्रुप तर फक्त मित्रांना दाखवायच्या कामाचा. राउंड वाढवले की ग्रुप मोठाच दिसतो. त्याच रायफलचा दहाचा ग्रुप पाचाच्या ग्रुपपेक्षा सरासरी सव्वापट भरतो. त्यामुळे तुलना करायची तर दोन्हीकडे राउंड सारखे हवेत आणि ग्रुप एकाहून जास्त हवेत. चांगला कागद खिशात आणि वाईट कागद कचऱ्यात टाकणाऱ्याने मोजमाप केलेलं नाही, फोटो काढलाय.

हे सगळं शिकून आल्यावर परीक्षा लगेच झाली. माझ्या रूममेटकडे १० मीटरची, .१७७ ची सेकंडहँड एअर रायफल आहे, आणि तो गावातल्या एका क्लबच्या रेंजवर दर रविवारी जातो. तिचा ग्रुप फुटू लागला. साहेबांनी काय करावं? केमिस्ट्रीच्या लॅबमधल्या मामांना मस्का मारून बारीक तराजू मिळवला आणि शंभर पेलेट एक एक करून तोलले. दोन संध्याकाळी गेल्या. पेलेट अर्ध्या ग्रॅमच्या जरा वर असतो. त्याने वजनानुसार चार डब्या केल्या, वर चिठ्ठ्या लावल्या. प्रोजेक्टला एवढी मेहनत घेतली असती तर गाइड सरांनी पेढे वाटले असते. रविवारी ग्रुप तोच, १४ मिलिमीटर.

मी वही काढली. पेलेट साधारण १७५ मीटर प्रतिसेकंदाने जातो असं धरलं. १० मीटरला ०.०५७ सेकंद, घसरण १६ मिलिमीटर. वजनात १ टक्का फरक असेल तर वेगात अर्धा टक्का, घसरणीत १ टक्का, म्हणजे ०.१६ मिलिमीटर. १४ मिलिमीटरच्या दुखण्यावर ०.१६ मिलिमीटरचं औषध! त्याला म्हटलं, कागद दाखव. त्याने पाच-सहा जुनी टार्गेट गादीखालून काढली. प्रत्येकावर दोन पुंजके होते, एक डावीकडे, एक उजवीकडे जरा वर. दोन संध्याकाळी तो त्या कागदांवरच झोपत होता.

रायफल रिकामी आहे हे आधी दोघांनी तपासलं, मग स्टॉकच्या खालचा स्क्रू हाताने बघितला. पुढचा नुसत्या बोटाने पाव फेरा फिरला. होस्टेलच्या इलेक्ट्रिशियन मामांकडून पाना आणला आणि बेताने आवळला. पुढच्या रविवारी मी पण गेलो. दहा-दहा पेलेटचे चार ग्रुप मारायला लावले, दोन तोललेल्या पेलेटचे, दोन तसेच डब्यातून उचललेल्यांचे, आणि कोणते कोणते ते त्याला सांगितलं नाही. तोललेले ६ आणि ७ मिलिमीटर, न तोललेले ७ आणि ६. पुंजका एकच.

चिठ्ठ्या लावलेल्या त्या चार डब्या अजून आमच्या खिडकीत आहेत. तो फेकू देत नाही. माझं म्हणाल तर यंदा कॅम्पला परत जायचंय, आणि रोज रात्री दहा वाजता मी कॉटवर आडवा होऊन लाकडी पट्टीच्या टोकावर एक नाणं ठेवतो आणि ट्रिगर ओढल्यासारखं बोट हलवतो. नाणं पडलं नाही पाहिजे. काल वीसपैकी तीन वेळा पडलं.